तूप नसलेला धूर

बायको गेली आन् वर्षभरात घरातला धूर संपला. सून गॅसवर करते. चांगलं करते, तक्रार न्हाई. पण बायको ताकाला धुंगार द्यायची. लाल इंगळावर तूप सोडायची, त्यावर रिकामं पातेलं पालथं धरायची. पातेलं धुरानं भरलं की त्यात ताक ओतून झाकण दाबायची. एक दिवस तो वास मला आठवेना. रडलो न्हाई. राग आला. म्हटलं, हा शोधायचाच.

बायकोचा धाकटा भाऊ जहाजावर खानसामा होता. नोकरी सोडून जुन्या जालन्यात येऊन राह्यला, तेव्हा त्याच्या पेटीत परदेशी दारूच्या तीन बाटल्या होत्या.

फोनवर त्याला त्या वासाचं सांगितलं. "दाजी, माझ्याकडच्या बाटल्या धुराच्याच हायेत," तो म्हणाला. "तिकडं दलदलीची माती कापून वाळवतात आन् जाळतात. तिच्या धुरावर जव सुकवतात."

"म्हंजे गोवऱ्याच की."

"गोवऱ्याच समजा. पण शेण न्हाई."

दुसऱ्याच दिवशी जालन्याची बस धरली. दुपारी त्याच्या माडीवर बसलो. त्यानं तीन पेल्यांत तिन्ही थोडी थोडी ओतली. म्हणाला, आधी हुंगा, मंग घोट तोंडात फिरवा, गिळायची घाई न्हाई.

"अक्का असती तर दोघांनाबी जिन्यावरून ढकललं असतं."

"तुला आधी," मी म्हटलं.

पहिली हुंगली. दूध बुडाला लागतं तसा वास. "ही लागलीय," म्हटलं. तो हसला. ही तर सगळ्यात हलकी म्हणे.

दुसरी नाकाशी नेली आन् पेला खाली ठेवला. दवाखाना. जखमेवरचं तांबडं औषध. बायको ज्या खाटेवर गेली, तिथं हाच वास होता. मेहुण्याच्या ध्यानात आलं.

"ऱ्हाऊ द्या, दाजी."

"न्हाई. पाणी घाल जरा."

पाणी घातल्यावर औषध मागं सरलं, खारट चव पुढं आली. संपवली. तशीच सोडली असती तर घरापर्यंत तोच वास नाकात आला असता.

तिसरीत हुरड्याची आगटी होती. राखेत भाजलेलं कणीस, मागून गोडसर. परत पहिली घेतली, परत तिसरी. तिसरीच जवळची. पण बराबर न्हाई.

"काय कमी पडतंय?"

"तूप न्हाई हिच्यात."

तो हसायला लागला आन् मधीच थांबला. "अक्का इंगळावर चिमूटभर हिंगबी टाकायची. आईनं शिकवल्तं."

इतकी वर्षं ताक प्यायलो, हे मला ठाऊक नव्हतं.

आठवडी बाजाराला कुंभार पिंपळगावला गेलो. कोळसा घेतला, हिंग घेतला. सून म्हणाली, मामा, मी करते. म्हटलं, तू नको. पहिल्या दिवशी तूप जास्त झालं, जाळ उठला, मिशी होरपळली. दुसऱ्या दिवशी हिंगच हिंग. रोज करत गेलो. मंग मेहुण्याला बोलावलं.

त्यानं पेला त्या दारूसारखाच धरला. हुंगला, घोट तोंडात फिरवला. बराच वेळ गिळला न्हाई.

"जवळ आलंय," म्हणाला. "अक्काचं न्हाई अजून. इंगळ जरा जास्त फुलू द्यायचा."

"मंग थांब इथंच," मी म्हटलं, आन् सुनेला उद्यासाठी दही लावायला सांगितलं.