आक्काच्या दारात उंच गाडी

"आये, गणपती काय उडत चढणार हायेत का या गाडीत?"

हे मला कोण विचारतंय? माझा पोरगा, दिनेश. कुठे? पेणच्या शोरूममध्ये, चार माणसांदेखत. भांडण तर आमच्या जोहे गावातून निघालो तेव्हापासूनच चालू होतं. ऐकाच आता, या वयात मी स्वतःला कुठे टांगून घेतलं ते.

आमचा मूर्तींचा कारखाना. दिनेशला हवा होता बुटका टेम्पो. त्याचं म्हणणं, रंगवलेली मूर्ती दोघं जण छातीशी धरून आणतात, ती तशीच सरळ आत पेंढ्यावर ठेवता आली पाहिजे. आणखी वर उचलायला गेलं की सोंड तरी आपटते, नाहीतर बोट मोडतं, आणि खंडित देव घरी कोण नेतो? बरोबर होतं हो त्याचं. पण त्या टेम्पोचं तोंड बघितलंत का? सर्दी झालेल्या माणसासारखं. शेजारीच लाल पिकअप उभी होती. रुंद छाती, मागच्या बाजूलाही माणसं बसायची सोय, आणि चाकं तर माझ्या कमरेला लागतील एवढी. मी म्हटलं, हीच.

"तुला नुसतं मिरवायचंय," दिनेश म्हणाला.

"व्हय, मिरवायचंय. जन्मभर देव मिरवले, आता जरा मी मिरवते."

पण खरं सांगू? मला ती आक्कासाठी हवी होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रोह्याला दिलेली. लहानपणी आम्ही दोघी डोक्यावर वालाची पाटी घेऊन रोह्याच्या बाजाराला चालत जायचो आणि येणारा-जाणारा ट्रक आम्हाला धुळीने आंघोळ घालून जायचा. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती त्या ट्रकांच्या मागे लिहिलेली. धूळ पुसत आक्का म्हणायची, "शेवंते, एक दिवस आपण वर बसू गो." आता तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून तिचं माझ्याकडे येणंच बंद झालं. मूर्तीचे डोळे आखायला बसले की अजून माझा हात थांबतो. वाटतं, शेजारी आक्का हवी होती, वाकडा गेला गो डोळा, असं म्हणायला.

तर मी म्हटलं, चालवून बघू. शोरूमवाल्याने स्टूल दिलं, दिनेशने मागून रेटलं आणि मी एकदाची वर विराजमान झाले. दिनेश चालवायला बसला, शोरूमवाला मागे. नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. नाका आला. मी म्हटलं, जरा पुढे घे. वडखळ आलं, जरा पुढे घे. नागोठणं आलं तेव्हा मागचा माणूस आपल्या साहेबाला फोनवर काय काय सांगत होता आणि त्याचा आवाज पार बारीक झाला होता. मला कुठलं ऐकू येतंय? मी वरून लोकांची अंगणं बघत होते. राणीसुद्धा अशी बसली नसेल.

रोह्याला आक्काच्या दारात मीच हॉर्न दाबला. गल्लीतली दारं उघडली. आक्का काठी टेकत बाहेर आली.

"चल आक्का, बस. जोह्याला नेते तुला."

तिने गाडी खालपासून वरपर्यंत बघितली. एक पाय उचलला, परत खाली ठेवला.

"शेवंते, ही तर एसटीच्या पायरीहून उंच हाय गो."

पेणपासून रोह्यापर्यंत, एवढे डोळे फाडून बघत आले, पण हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

मग मीच उतरावं म्हणून दार उघडलं आणि खाली बघितलं. विहिरीत डोकावल्यासारखं झालं. दार लावून घेतलं. दिनेश खाली उतरून म्हणाला, खुर्ची मागवतो. एवढ्या गल्लीसमोर खुर्ची? मी काय गणपती आहे पाटावर उतरवायला? आक्काला म्हटलं, मी घाईत आहे, उतरत नाही. घाई कसली, डोंबलाची!

आक्काला ते कळलं असणार. तिने नातसुनेकडून चहा करून घेतला आणि स्वतः कप घेऊन दाराशी आली. काठीवर भार देऊन तिने कप वर धरला. मी खिडकीतून कमरेपर्यंत वाकले. तरी तिचा हात पोचेना. चहा तिच्या मनगटावरून ओघळला. तिने कप दिनेशकडे दिला आणि हात पदराला पुसून गाडीच्या दारावर ठेवला, माझ्या हाताखाली, वीतभर खाली. मी बोटं ताणली. नाही पोचली.

पाटीखाली जोडीने चालणाऱ्या दोघी आम्ही. आणि मी एवढ्या थाटात आले ती तिच्यापासून लांब बसायला.

दिनेशला मात्र भांडण पुरं करायचंच होतं. कप माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "मग आये, हीच लाल पक्की करू ना?"

मी गल्लीकडे बघितलं, आक्काकडे बघितलं आणि म्हटलं, "तुझी बुटकीच घे बाबा, आणि आधी ती खुर्ची आण."