मोराच्या मानेवरचा डाग

साताऱ्यातल्या त्या वाड्याचा दिवाणखाना आठवला की मला आधी रॉकेलचा वास येतो. रंगवलेल्या भिंती, कमानी, छताची नक्षी, सगळं नंतर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत माझं भरतकामाचं छोटंसं दुकान होतं. साताऱ्याच्या एका बाईंनी सासरचा जुना वाडा अगदी डोळ्यांत तेल घालून राखला होता. दिवाणखान्यातली चित्रं बघून आजच्या कारागिरांनी काही नवं करावं आणि ते तिथंच महिनाभर मांडावं, असं त्यांच्या मनात आलं. एक कुंभार, एक तांबट आणि मी. मला तर आभाळ ठेंगणं झालं! ब्लाउजवर कैऱ्या काढणारी मी, आणि थेट दिवाणखान्यात!

चावी असायची राखणदाराकडे. फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, एकटा जीव, वाड्याच्याच मागच्या खोलीत राहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "पोरी, भित्तीला बोट लावायचं न्हाई. कायबी झालं तर बाई मला घालवतील. ह्या वयात मी कुटं जाऊ?"

"नाही हो मामा," मी म्हणाले. मोठी शहाणी!

भिंतीवर वेलींच्या पट्टीत मोरच मोर होते, लांडोर एकही नाही. मी ठरवलं, आपण पडद्यावर लांडोर भरायची. पण मोराची मान हुबेहूब उतरवून घ्यायला हवी होती. आमच्या धंद्यात नक्षी उतरवायची रीत एकच. पातळ कागदावर रॉकेलचा बोळा फिरवायचा, कागद काचेसारखा होतो, खालची रेघ न् रेघ दिसते. कापडावर रॉकेल उतरलं तरी घटकाभरात उडून जातं. हजार वेळा केलेलं काम. मामा चहा आणायला गेले आणि मी विचारसुद्धा न करता तो कागद मोराच्या मानेवर दाबून धरला.

काढला, तर मान काळी पडलेली. तळहाताएवढा ओला डाग, आणि तो डोळ्यांदेखत पसरत होता. चुन्याची भिंत ती, कापड थोडंच! मी पदरानं वारा घालत सुटले. कुणी बघितलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

मामा आले. त्यांनी नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. मी मोरासमोरून हललेच नाही. चहा उभ्यानंच प्यायले.

आठवड्यानं गेले तेव्हा डाग वाळला होता, पण तपकिरी कडं उमटलं होतं, ते काही जाईना. भरून झालेली लांडोर खरं तर समोरच्या भिंतीवर लागायची होती. मी हट्टच धरला, ती मोरावरच लावा. वरच्या जुन्या खुंट्यांवर पडदा सोडला. लोक म्हणाले, "वा! मोर झाकून लांडोर पुढं आणली. काय सुचलं हो तुम्हाला!" सुचतंय कसलं. भीतीनं सुचलं सगळं.

तो महिना मी कसा काढला माझं मला ठाऊक. कुणी पडदा उचलून बघितला तर? शेजारच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला की सुई बोटात जायची. दर रविवारी साताऱ्याला जाऊन सांगून टाकायचं ठरवायची आणि दर रविवारी काहीतरी काम काढून घरीच बसायची. भित्री होते मी, दुसरं काय.

शेवटच्या दिवशी पडदा उतरवला.

"अगं बाई! हे काय?" बाई भिंतीशी गेल्या आणि गर्रकन वळल्या. "हवालदार, वीज गेली की कंदील घेऊन फिरता तुम्ही. इथं टेकवलात ना? शंभर वेळा सांगितलंय! द्या ती चावी इकडं."

मामांनी खिशात हात घातला. मी लगेच बोलले असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी पडदा छातीशी धरून उभी राहिले. चावी बाईंच्या हातात पडली, तेव्हा कुठं तोंड फुटलं.

"मी केलं ते. रॉकेल माझं होतं."

बाई मामांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. पयल्याच दिशी वास आला."

"मग बोलला का नाहीत?"

"पोर आपनहून सांगंल म्हनलं," ते म्हणाले. "रोज वाट बघत हुतो."

बाईंनी चावी परत त्यांच्या हातात ठेवली. मी खाली बसून लांडोरीची घडी घालायला लागले. मामा दुसरं टोक धरायला आले. मला मान वर करवेना, आणि घडी काही केल्या नीट पडेना.