रहिमानभाईचं मटण शिळं नव्हतं

केनवड सोडलं त्या सकाळी माझा मुलगा सुधीर गाडीत सामान भरत होता आणि शेजारचा नामदेव दाराशी उभा राहून मला चिडवत होता. "जा बाप्पा पुण्याले! तिथं मटण डब्यात भेटते म्हणे, बोकडाचं तोंड बी दिसत नाही. कोणाच्या भरवशावर खाशीन?" सगळे हसले, मीही हसलो. बायको वर्षभरापूर्वी गेली होती, गुडघे कामातून गेले होते, शेत बटईने दिलं होतं. थांबायला कारण उरलं नव्हतं. गाडी बाजारातल्या खाटकाच्या रिकाम्या ओट्यासमोरून निघाली तेव्हा मी मान दुसरीकडे वळवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. वीसेक वर्षं मी तिथून तसाच जात होतो.

पुण्यात आमच्या सोसायटीजवळ मटणाची तीन दुकानं आहेत. एकाला काचेचं दार आहे, आत थंडगार. दुसऱ्यात टोकन घेऊन बसावं लागतं. तिसऱ्यासमोर सकाळपासून रांग असते. शिवाय मोबाईलवर मागवलं तर अर्ध्या तासात पाकीट दारात येतं. दर रविवारी सून विचारते, "बाबा, कुठून आणायचं? तुम्हाला कळतं त्यातलं." नात म्हणते, आजोबांना कशाला विचारता, स्टार बघा ना. मोबाईलवर लोक दुकानाला चांदण्या देतात. एखाद्याने रागाने एकच चांदणी दिली की चार माणसं तिथून घेत नाहीत. नातीने हे मला कौतुकाने समजावलं तेव्हा मी ताट सारून उठलो. मी तर मोबाईल नसतानाच एका माणसाचं दुकान बंद पाडलं होतं.

आता सरळ सांगतो.

माझी आई माळकरी होती. आमच्याकडे मटण उंबऱ्याच्या आत येत नसे. गोठ्यापुढे वेगळी चूल, वेगळं भगुणं, आणि रांधायचं पुरुषांनी. बाया कच्च्या मटणाला हात लावत नसत; आई सोडून बाकी सगळे गोठ्यापुढेच बसून खात. तेव्हा वनिताचं, माझ्या मुलीचं, लग्न जुळत होतं आणि इंझोरीचे सोयरे जेवायला येणार होते. वैशाखाचे दिवस. मी सकाळीच गावच्या खाटकाच्या, रहिमानभाईच्या ओट्यावर गेलो, कारण मांडीचं आणि सीन्याचं, म्हणजे छातीचं, मटण आधी संपतं. बोकड मी स्वतः पाहिला. त्याने माझ्यासमोर कापला आणि पिशवी हातात देताना म्हणाला, "भाऊ, लवकर चढवा, ऊन लय आहे."

मी पिशवी गोठ्यातल्या खुंटीला टांगली आणि विहिरीवरची मोटार दुरुस्तीला टाकली होती ती आणायला जवळच्या मालेगावला गेलो. तासाभराचं काम म्हणून गेलो, आलो तेव्हा दुपार कलली होती. घरात बायको होती, आई होती, पण पिशवीला हात कोण लावणार? पिशवी उघडली तशी मला कळलं. नीट कळलं. पण सोयरे अंगणात येऊन बसले होते. मी लसूण दुप्पट टाकला, काळा मसाला तिप्पट टाकला आणि वाढलं.

त्या रात्री पाहुण्यांना उलट्या झाल्या. सकाळी वनिताच्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "मटण कोठून आणलं होतं?" मी म्हणालो, "रहिमाननं शिळं देल्लं."

एवढंच वाक्य. तोंडातून निघताना ते किती हलकं वाटलं होतं! पुढच्या बाजाराला त्याच्या ओट्यावर कोणी फिरकलं नाही. तो माझ्याकडे आला. अंगणात पाच-सहा जण बसले होते.

"भाऊ, तुमी बकरा पाहूनच घेतला ना? तुमच्यासमोर तर कापला."

"मंग पाव्हण्यायले उलट्या कायले झाल्या?" मी म्हणालो.

तो आल्या पावली परत गेला. मी नजर दिली नाही. दिवाळीच्या आत त्याने ओटा सोडला आणि मालेगावात दुसऱ्याच्या दुकानात कापायला राहिला.

गाव सोडायच्या आदल्या वर्षी मी एकदा त्या दुकानात शिरलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. त्याची दाढी पांढरी झाली होती, पण हात तसेच झपाझप चालत होते. त्याने मला ओळखलं की नाही, ते त्याने दाखवलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच विचारत होता, "घरी जायले किती वेळ लागन?" मलाही विचारलं. मी म्हणालो, केनवड, बसने. तो म्हणाला, "मंग आत्ता नका घेऊ. बसच्या टायमाले या, ताजं देतो." मी बरं म्हणून बाहेर पडलो, आणि बस आली तेव्हा दुकानाकडे न जाता बसमध्ये चढलो. रहिमानभाई गेल्याचं मला पुण्यात आल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात गावाच्या ग्रुपवर आलं की त्याचा मुलगा सलीम केनवडात दुकान टाकतो आहे. खाली कोणीतरी लिहिलं, "जपून रे बाप्पा. याच्या बापानं शिळं देल्लं होतं, दादाराव भाऊचे सोयरे मरता मरता वाचले." त्याखाली अंगठेच अंगठे. दादाराव म्हणजे मीच.

खरं काय ते ग्रुपवर लिहितो म्हणालो, तर सुधीर म्हणाला, "बाबा, आता कशाला काढता? ताईच्या सासरचेही त्या ग्रुपवर आहेत." खरं होतं. नासलेलं आहे हे माहीत असून मी त्यांच्या ताटात वाढलं, हे ते वाचतील. म्हणून आधी वनिताला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी बी खाल्लं होतं त्या दिवशी." फोन ठेवताना तीच म्हणाली, "टाका ग्रुपवर. इथलं मी पाहून घेईन."

केनवडच्या लोकांनो, आणि केनवड सोडून माझ्यासारखं दूर गेलेल्यांनो, म्हणून हे लिहिलं. पुण्यात मी लिफ्टमध्ये भेटणारा एक म्हातारा आहे. माझ्या बोलण्याने इथे एकही दुकान बंद पडणार नाही. माझ्या शब्दावर शंका न घेणारं गाव जगात एकच आहे. घर म्हणजे आता मला तेवढंच उरलं आहे, आणि त्याच घराला मी खोटं सांगितलं. रहिमानभाईने ताजं दिलं होतं. ते मी नासवलं, मला कळलं होतं, तरी वाढलं.

सलीमचं दुकान उघडेल त्या दिवशी मी येतो आहे. सकाळीच येईन. कोणाला काही विचारायचं असेल तर तिथे, सगळ्यांसमोर विचारा.