गुलाबीच राहिलेले ठिपके

ठिपके गुलाबीच राहिले. ते पिवळे व्हायला हवे होते.

जिवतीच्या डोंगरात मोहाच्या झाडाखाली मी चिप घेऊन बसले होते. बोटाएवढी काच, तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या आणि नळ्यांमध्ये हायड्रोजेलचे ठिपके. हायड्रोजेल म्हणजे पाणी पिऊन फुगणारी जेली. आमच्या जेलीत एक रंग कोंडलेला होता. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की तो गुलाबीचा पिवळा होतो आणि शेजारचा सेन्सर हा बदल मोजतो. थेंब नळीतून सरकताना बघत राहावंसं वाटायचं. आमच्या पथकाचे प्रमुख सर म्हणायचे, "मॅडम, आधी रीडिंग घ्या, मग तंद्री लावा."

समोर शेवंताबाई बसली होती, मांडीवर तान्हा नातू. तिच्या थोरल्या नातीच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, फ्लोराईडची खूण. आम्ही पाणी चांगलं म्हटलं, तर हा तान्हाही गावातल्या बोरिंगचं, म्हणजे हातपंपाचंच पाणी पिऊन मोठा होणार होता.

"पाणी चांगलं हाये ना, मॅडम?" तिनं विचारलं.

मशीन हो म्हणत होतं. नातीचे दात नाही म्हणत होते. मी नवी चिप लावली. पुन्हा गुलाबी.

घरात पितात तेच पाणी तपासायचं, हा सरांचा नियम. म्हणून सॅम्पल शेवंताबाईच्या तांब्यातूनच घेतलं होतं. सर रिपोर्ट लिहायला बसले.

दुपार सुस्त होती. खाली पडलेल्या मोहफुलांचा गोडसर वास येत होता आणि मला उठवेना. मी तांब्यातलं पाणी प्यायले. गोड, गार, किंचित वाळूच्या वासाचं. बोरिंगचं पाणी असं लागत नाही.

"बाई, हे पाणी कुठलं?"

"नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळूत खड्डा केला का झिरपते. तुमच्यासाठी सकाळीच आणलं."

"आणि बोरिंगचं?"

"ते पाव्हण्याले कसं देऊ जी?"

"मग तुम्ही काय पिता?"

"बोरिंगचं. आम्ही का पाव्हणे आहो?"

सरांनी पेन खाली ठेवलं.

मी स्वतः बोरिंगवर गेले आणि नवा थेंब सोडला. ठिपके हळूहळू फिके झाले, मग पिवळे. दिसायला फार सुंदर. या वेळी मी तंद्री न लावता आधी रीडिंग घेतलं.

बोरिंगला लाल रंग लागला: धुण्याभांड्याला चालेल, प्यायला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेले. शेवंताबाईनं तांब्या पुढं केला. पाणी मचूळ लागलं. मी तिच्याकडे बघितलं.

"बोरिंगचंच हाये," ती म्हणाली. "झिरा दूर पडते. तिथलं लहान्याले ठेवलं. तुम्ही एका दिवसाच्या, तुमाले काई होत नाई."

शास्त्राच्या दृष्टीनं तिचं अगदी बरोबर होतं. सॅम्पल घेताना पाणी कुठलं एवढंच नाही, कोणासाठी ठेवलेलं आहे तेही विचारावं, हे मी नंतर प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगितलं. त्या दिवशी मात्र तांब्या रिकामा केला. इतकं मचूळ पाणी इतक्या आनंदानं मी कधी प्यायले नव्हते.