तुमच्यात तर देव नसतातच ना!

पहिली चप्पल वसुधाताईंची. मरून रंगाची, मखमली पट्ट्याची. त्यांनी ती पायातून काढली, अंगठ्यानं हळूच माझ्याकडे सरकवली आणि गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही बसता का जरा इथं? माकडं फार आहेत हो. आणि तुमच्यात तर देव नसतातच ना!"

मी बसले.

कशी बसले, तेही सांगते. आनंदानं बसले! आपल्याला कुणी काम सांगितलं, म्हणजे आपण यांच्यातले झालो, असं वाटायचं वय होतं. पदर खोचला, पर्स मांडीवर घेतली आणि चपलांच्या ढिगाशेजारी अशी ऐटीत बसले, जशी काही दरबारात बसलेय.

जबलपूरच्या बाहेरच्या टेकड्यांवर आमच्या शाळेची सहल गेली होती. मुलींची नाही, फक्त शिक्षिकांची. जानेवारीतला रविवार, भाड्याची मेटाडोर, गाण्यांच्या भेंड्या. काळ्या दगडांच्या त्या टेकड्यांवर एकावर एक धोंडे असे टेकलेले की धक्का दिला तर गडगडतील असं वाटतं. त्या धोंड्यांमध्ये छोटी छोटी देवळं. एकेक बघत वर जायचं आणि अगदी माथ्यावर सगळ्यांत जुनं देऊळ, गोंड राजांच्या काळातलं. त्याच्या दाराच्या चौकटीवर कोरीव काम आहे. मी इतिहास शिकवायची. त्या चौकटीबद्दल मी वर्गात हातवारे करकरून बोललेली. बघितली मात्र कधीच नव्हती. मी त्या चौकटीसाठी आले होते. आणि खरं सांगायचं तर, या बायकांच्या भेंड्यांत माझाही आवाज असावा, म्हणूनही आले होते. नोकरी नवीन होती, कच्ची होती. मी एकटी डबा खायची.

वसुधाताई संस्कृत शिकवायच्या. त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, असं त्या दर आठवड्याला सांगायच्या. शाळेत माझा पहिला दिवस होता तेव्हा मला बघून त्या जवळजवळ नाचल्याच. "अय्या, मराठी का तुम्ही? किती बरं वाटलं! या हिंदीत जीव नुसता गुदमरतो!" मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग जबलपुरात कुठे राहता, ते विचारलं. मी मोहल्ला सांगितला.

"अच्छा," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "अच्छा."

त्या दुसऱ्या 'अच्छा'चा आवाज मी आजही हुबेहूब काढून दाखवते. लोक हसतात. मीही हसते. हिंदी बायकांसाठी आम्ही दोघी सारख्याच, 'मराठी मैडम'. मला चाळणीतून गाळलं ते माझ्याच भाषेनं.

पण त्या दिवशी मेटाडोरमध्ये काय प्रेम होतं! मी पनागरच्या हिरव्या मटाराच्या कचोऱ्या केल्या होत्या. पहाटे उठून. डबा उघडला आणि पहिला माझाच संपला. वसुधाताईंनी बोटं चाटली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्राचार्या, तोंडात घास असतानाच म्हणाल्या, "देखो भई, हमारे स्टाफ में जात-पात बिलकुल नहीं है." मला भरून आलं. अक्षरशः. कचोरीवर विश्वास ठेवून मी त्या टेकडीवर चढले.

पहिलं देऊळ झालं. बायका कपाळाला कुंकू लावून बाहेर आल्या, चपला घातल्या, पुढे निघाल्या.

दुसऱ्या देवळापाशी वसुधाताई म्हणाल्या, "बसता ना?" आता त्यात प्रश्न कमी होता. मी बसले. एक माकड आलं, मी पर्स हलवून हाकललं. आतून घंटा वाजत होती, आरती चालली होती. आरती मराठी होती. वसुधाताईंचा आवाज मोठा छान. मी बाहेर बसून ऐकत होते.

तिसऱ्या देवळापाशी कुणी काही बोललंच नाही. गप्पा मारत मारत आल्या आणि माझ्यासमोर चपला काढल्या. टप टप टप. एकीची सँडल माझ्या पावलावर पडली. तिनं खाली बघितलंही नाही. खुंटीवर शर्ट अडकवताना खुंटीकडे कोण बघतं? शालीही माझ्याच मांडीवर आल्या. पर्सा आल्या. मोठ्या बाईंचा चष्म्याचा डबा आला.

आणि तेव्हा ती आली.

नारळ-फुलांच्या टपरीतली बाई. धिप्पाड, गालात तंबाखू, हातात झाडू. माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या बुंदेलीत कडाडली, "काय री! इते चप्पल हम रखात हैं. तोय कौन ने बिठा दओ?"

मी म्हटलं, "मी… मैं तो इनके साथ हूँ."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ढिगाकडे बघितलं. मग जरा नरमली. तिला वाटलं, ही गरीब आपल्या मालकिणींबरोबर आलीय, हिचा काय दोष. हळू आवाजात म्हणाली, "कौन के घर काम करत है तू?"

मी एम.ए., बी.एड. इस्त्रीची साडी. मनगटावर घड्याळ.

कामाची लाज नव्हती. माझी मावशी इथल्याच घमापूरमध्ये घरोघरी भांडी घासायची, ताठ मानेनं. पण ती कोणाच्या घरी कामाला आहे, हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं! मी तीन देवळं कामाला होते आणि मला वाटत होतं मी सहलीला आलेय.

अंगाला आग लागली. माझे वडील फॅक्टरीत कामगार. तरुणपणी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतःच्या हातानं बाहेर काढले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं काम. आम्हा भावंडांना सांगायचे, "आपण देवळात जात नाही ते कोणी अडवते म्हणून नाही. अडवत होते तेव्हा अडवत होते. आता आपण सोडलं." सोडलं! केवढा शब्द होता तो आमच्या घरात. आणि वसुधाताईंनी तोच उचलला, झटकला आणि मला बसायला दिला. चपलांजवळ. आजोबांना शिव्या देऊन बाहेर बसवायचे. मला 'बसता ना' म्हणून बसवलं. फरक तेवढाच.

बायका बाहेर आल्या. मी उभी राहिले. मांडीवरच्या शाली, पर्सा, चष्म्याचा डबा, सगळं खाली पडलं.

वसुधाताई म्हणाल्या, "अहो, सांभाळून! चला, आता वरचं एकच राहिलं."

"वर तुम्ही बसा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"चपलांजवळ. मला चौकट बघायची आहे."

त्या हसल्या. लहान मुलीला समजावतात तशा. "अहो पण तुमच्यात तर…"

"आमच्यात देव नाहीत. डोळे आहेत."

टपरीवाली झाडू टाकून जवळ आली. तिला भाषा कळत नव्हती, पण असला तमाशा कोण सोडतं?

वसुधाताईंचा चेहरा लाल झाला. "तुम्ही लोक ना, कुठेही जात आणता! साधं बसायला सांगितलं तर…"

"जात मी नाही आणली, ताई. मी कचोऱ्या आणल्या होत्या."

हे वाक्य मला कसं सुचलं, देव जाणे. चुकलं, देव कसा जाणेल! माझं मीच जाणे. पण वाक्य सरळ गेलं. मग मी हिंदीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून, "मंदिर के अंदर नहीं जाना, ये मैं तय करती हूँ. मुझे बाहर बिठाना, ये आपने कैसे तय कर लिया?"

एवढ्यात एका माकडानं संधी साधली. मोठ्या बाईंची सँडल उचलली आणि थेट धोंड्यावर. बाई ओरडल्या, "अरे देखो, देखो न!" आणि सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी! मी हात मागे बांधले.

मग वर गेले. एकटी. देवळाच्या ओट्याखाली माझी चप्पल मी काढली, चौकटीसमोर उभी राहिले आणि मनसोक्त बघितलं. नदीदेवता, हत्ती, एक नाचणारी बाई, तिचं नाक फुटलेलं. आत पुजाऱ्यानं घंटा हलवली, "आओ बेटी, दर्शन कर लो." मी म्हटलं, "नहीं महाराज, मैं बस देख रही हूँ." तो म्हणाला, "देखो, देखो." संपलं. एवढं सोपं होतं.

मेटाडोरमध्ये बसले नाही. चालत रस्त्याला लागले, टेंपो पकडला. घरी वडील दारात बसलेले. "काहून लवकर आली?"

मी सगळं सांगितलं. आवाज काढून, नकला करून, माकडासकट. वाटलं, पाठ थोपटतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिसऱ्या देवळापर्यंत बसून होती तू?"

बस. एवढंच. मग उठून आत गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. वसुधाताईंवर राग होताच. पण 'तिसऱ्या' हा शब्द उरात रुतून बसला.

सोमवारी मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. वसुधाताई तिथंच, रुमाल डोळ्यांना. मोठ्या बाई म्हणाल्या, "देखिए, छोटी-सी बात है. स्टाफ के सामने सॉरी बोल दीजिए. आपकी नौकरी अभी पक्की भी नहीं हुई है."

खिडकीबाहेर मुली कवायत करत होत्या. मला त्या नोकरीची गरज होती. माझ्या घराला होती. हे त्या दोघींना माहीत होतं, म्हणून तर 'पक्की' हा शब्द टेबलावर ठेवला होता.

"नहीं बोलूँगी," मी म्हणाले.

"सोच लीजिए."

"मी तीन देवळं विचार केला, मॅडम." मराठीतच निघालं तोंडातून. वसुधाताईंना कळलं. त्यांनी भाषांतर केलं नाही.

नोकरी पक्की व्हायला माझ्या मागून आलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. स्टाफरूममध्ये पुन्हा एकटीचा डबा. पुढच्या हिवाळ्यात परत सहल ठरली तेव्हा मोठ्या बाई मला व्हरांड्यात गाठून फार मायेनं म्हणाल्या, "आप इस बार रहने दीजिए. आपको भी अच्छा नहीं लगेगा."

"मैं आऊँगी," मी म्हणाले.

आणि गेले. त्या वर्षी गेले, त्याच्या पुढच्या वर्षी गेले, आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी जाणार आहे. कुणी मला बोलवत नाही, मेटाडोरमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. न बसो. मी प्रत्येक दारात जाऊन उभी राहते. हात जोडत नाही. आत जायचं की नाही, ते तिथं उभी राहून मी ठरवते, हवा तेवढा वेळ घेते. आणि माझं ठरेपर्यंत मागच्यांनी थांबायचं.