मिठागरातला पंख

१९५७ च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या एका विमान प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा निघाली आणि पनवेलच्या शाळेत गणित शिकवणारे जगन मास्तर झपाटलेच. अर्जासोबत स्वतः केलेला प्रयोग पाठवायचा होता. मास्तरांनी विमानाच्या पंखासारखा चार इंच रुंद सागवानी पंख तासून घेतला. हवेचा झोत कुठून आणणार? पण रेनॉल्ड्स आकडा जुळला की पाण्यातही प्रवाह तसाच वागतो. हा आकडा काढायला पंखाची रुंदी आणि वेग यांचा गुणाकार करायचा, पाण्याच्या चिकटपणाने भागायचं. आकडा मोठा, साधारण पन्नास हजारांच्या वर आला, तर पंखावरून सुटलेला प्रवाह पुन्हा त्याला धरतो. लहान आला, तर सुटला तो सुटलाच.

वडील, बळीराम, मिठागरात राबायचे. तिथल्या शेवटच्या वाफ्याचा तळ पांढरा, त्यावर लाल शाई स्पष्ट दिसायची. म्हणून पंख त्यात उभा बुडवायचा, शाई सोडायची आणि बळीरामाने बांधावरून दोरी ओढत चालायचं.

"जगन्या, मी बैल हाय का रं? सकालधरनं वीस येला झाल्या!"

"बाबा, तुमी मदीच तंबाकू मलाला थांबता, मंग येग कसा जुलंल?"

आकडा यायचा साठ हजारांवर. पुस्तकाप्रमाणे प्रवाहाने पंख धरायला हवा, आणि ही शाई मेली दर वेळी सुटून जायची! मास्तरांनी पंख घासला, कोन बदलला, बापावर खेकसले. शेवटी वैतागून पुस्तकच चुकीचं आहे असं लिहून अर्ज टपालात टाकला.

तरी पुढच्या रविवारी पुन्हा हजर. बळीरामाने कपाळाला हात लावला. "भागतंस तरी कशानं?"

"पान्याच्या चिकटपनानं."

"कंच्या पान्याच्या?"

"पानी म्हंजे पानी, बाबा! पुस्तकात दिलाय आकडा!"

बळीरामाने दोन बोटं वाफ्यात बुडवून चोळली. "ह्ये तर पार चिकाट झालंय. दोन दिसात मीठ धरंल. हिरीचं पानी न् ह्ये एक कसं आसंल?"

मिठागरात वाढलेल्या माणसाने गोड्या पाण्याचा आकडा धरला होता! मास्तरांनी काचेच्या बारीक नळीतून दोन्ही पाणी सोडून पाहिली. वाफ्यातल्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. म्हणजे आकडा निम्मा, तीस हजारांच्या आसपास. पुस्तक बरोबर होतं.

आता दुसरं पत्र लिहिणं आलं. चूक कोणी ओळखली तेही लिहायला हवं. मास्तरांनी लिहिलं, 'माझ्या वडिलांनी, ते मिठागरात मजूर आहेत,' आणि बळीरामाला वाचून दाखवलं.

"आदीच्या अर्जात काय लिवलेलास माज्याबद्दल?"

मास्तरांची मान खाली गेली. "शेतकरी."

"मंग त्येच ऱ्हाऊ दे ना. मजुराच्या पोराला कोन घेनार तितं?"

मास्तरांना स्वतःचीच चीड आली. 'मजूर' हा शब्द न खोडता पत्र टपालात पडलं. जागा दुसऱ्याला मिळाली. मास्तर पनवेललाच शिकवत राहिले आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांना पहिल्या अर्जाची लाज वाटत राहिली.