धक्क्यावर उभा असलेला माणूस

बाय कुणाला आधी नाव विचारायची नाही. विचारायची, "जेवलास का?" नाव मग कधीतरी, गरज पडली तर. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात तिच्या घरामागच्या खोलीत मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. माझं आडनाव तिला शेवटपर्यंत माहीत नसावं.

मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. करंजाड्यातल्या नव्या इमारतींना सरकत्या खिडक्या बसवतो. चौकट कापायच्या आधी तीनदा माप घ्यावं लागतं, तीच खोड वह्यांत उतरली. मला एका बेटाची गोष्ट लिहायची होती. म्हणून आधी बेट आखलं. धक्का, होड्या, विहिरी, भरती-ओहोटीच्या वेळा, सण, तिथल्या बोलीचे दोनशे शब्द. पाच वह्या भरल्या, पण गोष्टीची पहिली ओळ काही लिहवेना. शाळा सोडलेल्याची ओळ, चुकणारच, कुणीतरी हसणारच, असं वाटून हात थांबायचा.

रविवारी बाय अंगणात सुकट वाळत घालायची आणि मी शेजारी बसून तिला वही वाचून दाखवायचो. एकदा पाचवी वही संपल्यावर ती म्हणाली, "बेट बरा हाय. होऱ्या हायत, धक्का हाय. पन मानूस कुठं हाय रं? यवरी मच्छी खानार कोन?"

"अजून तयारी चाललीय, बाय."

"तयारी कराला लगीन हाय काय? उतरव कोनाला तरी."

घाबरून मी तिथल्या तिथं, तोंडीच, एक माणूस होडीतून उतरवला. हातात पत्र्याची पेटी, ओळखीचं कुणी नाही. एवढंच.

त्या दिवसापासून बाय त्याची चौकशी एखाद्या भाडेकरूसारखी करायची. "त्याला खोली मिलाली का?" "पेटीत काय हाय त्याच्या?" एकदा अवचित पाऊस आला तेव्हा सुकट झाकता झाकता म्हणाली, "भिजला असंल तो." शेजारची मंदाताई हसली, "अगो बाय, तो कागदावरचा हाय!"

"म्हनून काय झाला? उपाशी ठेवाचा काय त्याला?"

खरं तर तो कागदावरही नव्हता. मी "सांगतो, सांगतो" म्हणायचो, आणि खोलीत जाऊन धक्क्याला कुठला दगड वापरला ते लिहीत बसायचो.

गेल्या वर्षी बायच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अजून उभाच हाय का रं तो?"

"नाही, बाय. बसलाय."

"बरा झाला," ती म्हणाली आणि डोळे मिटले. दोन दिवसांनी गेली.

मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी चार खिडक्या बसवल्या, चारही बरोबर मापात. तेराव्याला जेवलो. तिची लेक सुकटीच्या टोपल्या घेऊन गेली, तेव्हा एका बाजूनं टोपली धरली. काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही. फक्त 'बसलाय' हा शब्द तेवढा डोक्यातून जात नाही.

मग एका रविवारी नवी वही घेतली. दोनशे शब्दांची यादी पाहिली. तिच्यात जेवणाला शब्दच नव्हता. यादी मिटली आणि लिहिलं:

धक्क्यावर एक माणूस पेटी घेऊन उभा होता. सुकट वाळत घालणारी एक म्हातारी त्याच्याजवळ आली. "जेवलास का?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि पेटी खाली ठेवून बसला.